मांडणीतला पलंग

आम्ही पलंग घ्यायला गेलो नव्हतो. हे आधी नीट लक्षात घ्या, कारण सान रोके वस्तीत आज कोणालाही विचारलंत तर तो छातीठोकपणे सांगेल की एलिस्यो सरांनी, म्हणजे मी, भरल्या दुकानातून पलंग पळवला, आणि तोही वर सासू बसलेली असताना. लोकांना काय, गोष्टीला फोडणी दिल्याशिवाय ती घशाखाली उतरत नाही. आम्ही गेलो होतो तांदळाचा डबा घ्यायला. जुन्या डब्याचं झाकण उंदरांनी कुरतडलं होतं. इतका साधा, सात्त्विक हेतू होता.

आता डबा कोपऱ्यावरच्या बाजारातही मिळतो. पण आमच्या वस्तीच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षं म्हशी डुंबायच्या, तिथे ‘मालिपायोन होम’ हे अवाढव्य दुकान नुकतंच उघडलं होतं आणि इलोइलो शहरात कोणी दुसरं काही बोलतच नव्हतं. शेजारपाजारचे लोक रोज जाऊन येत होते आणि येताना काहीतरी आणत होते. कोणी उशी, कोणी आरसा, कोणी नुसतीच दुकानाचं नाव छापलेली पिशवी. ती पिशवी मग रस्त्यावरून दिसेल अशी दाराशी टांगायची. आपल्या दारात अजून पिशवी कशी नाही, असं माझ्या बायकोने, रोसेलने, मला कधी विचारलं नाही. पण ती ज्या आवाजात भांडी घासत होती त्यात हा प्रश्न स्पष्ट ऐकू येत होता.

निघताना कुंपणावरून मनोंग फेर्मिननी हाक मारली. हे आमचे शेजारी. वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचेच मनोंग. जन्मभर मालवाहू जहाजावर आचारी होते, त्यामुळे जगातली सगळी बंदरं आणि सगळे विषय आपोआप त्यांच्या अखत्यारीत येतात.

“तोतो,” ते म्हणाले. पन्नाशीतल्या शिक्षकाला तोतो, म्हणजे बाळ्या, म्हणायचा अधिकार आमच्याकडे कोणत्याही वडीलधाऱ्याला असतो. “तिथे ढकलगाडी घेऊ नकोस. टोपली घे. टोपली जड झाली की माणसाला अक्कल येते. गाडी जड होत नाही, म्हणून येत नाही.”

सल्ला सोन्यासारखा होता. मी टोपलीच घेतली. पण नानाय कोन्सोर्सियांना चालताना धरायला काहीतरी हवं म्हणून रोसेलने ढकलगाडी घेतली आणि आमचं नशीब तिथेच फिरलं.

नानाय म्हणजे रोसेलची आई. आमची मुलगी नर्स होऊन परदेशी गेल्यापासून घर रिकामंच होतं. म्हणून रोसेलने आईला गिंबाल गावाहून आग्रहाने आणलं आणि घरातली सगळ्यात शांत, मागची खोली दिली. आम्ही चवड्यांवर चालायचो. टीव्हीचा आवाज मुंग्यांना जेमतेम ऐकू जाईल इतकाच ठेवायचो. तरी म्हातारीला झोप म्हणून नव्हती. कोंबडा आरवायच्या आधी त्यांचा झाडू अंगणात सुरू व्हायचा. डोळ्यांखाली काळं आलं होतं, जेवता जेवता चमचा हवेत थांबायचा. आणि त्याच दिवशी सकाळी, कॉफीत पाव बुडवता बुडवता, त्या म्हणाल्या होत्या, “मी आता गिंबालला परत जाते. तिथे निदान डोळ्याला डोळा तरी लागायचा.” रोसेल डब्याच्या झाकणाबद्दल बोलू लागली. खरेदी हा दुःखावरचा उपाय नाही असं मी वर्गात सांगतो, पण घरात सांगत नाही.

तर दुकान. दारात रखवालदाराने नानायच्या पिशवीत काठी घालून चाचपलं.

“हे काय आहे, लोला?” आमच्याकडे आजीला लोला म्हणतात.

“इबोस. माडाच्या पात्यात शिजवलाय. भात चिकट झालाय, पण गोड आहे. घे एक.”

तो इकडेतिकडे बघून लाजला आणि एक घेतला. आत पाऊल टाकलं मात्र, असा थंडगार वारा अंगावर आला की रोसेलने माझा हात धरला. खोटं कशाला बोलू, माझंही काळीज जत्रेतल्या पोरासारखं उडालं. डोळा पोचेल तिथवर दिवे, दिव्यांखाली वस्तू आणि वस्तूंभोवती अख्खं इलोइलो, चर्चचे ठेवणीतले कपडे घालून. दोन्ही बाजूंना गणवेषातल्या मुली उभ्या होत्या आणि प्रत्येक जणी छातीवर हात ठेवून म्हणत होती, “गुड मॉर्निंग, मॅम-सर.” एका माणसाला मॅम आणि सर दोन्ही म्हणून टाकलं की चूक होत नाही, हा त्यामागचा विचार. नानाय मात्र प्रत्येकीपुढे थांबून म्हणत होत्या, “गुड मॉर्निंग, इंदाय. जेवलीस का, पोरी? पाय दुखत नाहीत का उभं राहून?” आणि मुलीही खरोखर सांगत होत्या. दाराशीच आमचा इतका वेळ गेला की मागे रांग लागली.

“तांदळाचे डबे कुठे?” मी विचारलं.

“बाणांच्या मागून जा, मॅम-सर.”

जमिनीवर पिवळे बाण होते. मी नागरिकशास्त्र शिकवतो. व्यक्तिस्वातंत्र्यावर दरवर्षी घसा कोरडा करतो. पण त्या बाणांविरुद्ध जायची छाती मला झाली नाही. एकदा मागे वळायचा प्रयत्न केला, तर मागून येणाऱ्या ढकलगाड्यांच्या लोंढ्याने मला दिवाणखान्यातून थेट न्हाणीघरात नेऊन सोडलं. डबे अर्थातच शेवटी होते. मध्ये माणसाचा सगळा संसार मांडलेला होता आणि तो पार केल्याशिवाय तांदळापर्यंत पोचायची सोय नव्हती.

वाटेत गाडी भरत गेली. या वस्तूंची गंमत अशी की पाहण्याआधी त्यांची गरज नसते, आणि पाहिल्यावर इतकी असते की आपण एवढी वर्षं जगलो कसे याचंच नवल वाटतं. केळ्यांचा घड टांगायचा एक आकडा रोसेलने उचलला. आमच्या मागच्या दारी केळीचं बन आहे, तिथे केळी स्वतःहूनच टांगलेली असतात. मग प्लास्टिकचं झुडूप आलं. आमच्या कुंपणातलं खरं झुडूप मी दर शनिवारी कोयता घेऊन छाटतो. मग लिंबू पिळायचं यंत्र आलं. आमची कालामानसी लिंबं बोराएवढी, ती त्यात पडली असती तर पुन्हा दिसली नसती.

“उपयोगी आहे,” रोसेल प्रत्येक वेळी म्हणत होती. कशाला उपयोगी, ते पुढे ठरायचं होतं. मी तरी काय कमी होतो? पायपुसण्यांच्या ढिगापुढे मी किती वेळ उभा होतो ते रोसेलला विचारू नका.

निजायच्या खोल्यांपाशी आलो. तीन भिंतींच्या खोल्या, वर छत नाही, समोरून सगळं उघडं. एका खोलीत मोठा लाकडी पलंग होता, पांढरीशुभ्र चादर, दोन मेजं, एक दिवा आणि भिंतीवर खोटी खिडकी. खिडकीत मागून उजेड सोडलेलं बर्फाच्या डोंगराचं चित्र.

“जरा टेकते,” नानाय म्हणाल्या. “गुडघा बोलतोय.”

त्या टेकल्या. मग पाय वर घेतले. मग छत्री उशाशी ठेवली. मी शेजारच्या कपाटाचं दार उघडून बघेपर्यंत घोरण्याचा आवाज आला.

मी त्यांना उठवायला वाकलो, तर रोसेलने माझा दंड असा पकडला की आजही तिथे दुखतं.

“हात लावू नकोस,” ती कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. “बघ तरी. झोपलीय.”

खरंच झोपल्या होत्या. कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं, हात गालाखाली. लोक बोलत होते, गाड्या खडखडत होत्या, कुठेतरी एक मूल भोकाड पसरून रडत होतं आणि कर्ण्यातून सवलतींच्या घोषणा होत होत्या. या सगळ्यात म्हातारी गाढ. जोवेलिन नावाची विक्रेती धावत आली.

“सर, बसून बघायला परवानगी आहे. आडवं होऊन बघायलाही आहे. पण घोरून बघायचं म्हणजे…”

“त्या नीट पारखून घेतायत,” रोसेल म्हणाली. “आम्ही गिऱ्हाईक आहोत.” मग माझ्याकडे वळून, “तूही आडवा हो.”

“मी?”

“एकटी म्हातारी झोपली तर झोपली असं दिसतं. दोघं आडवे झाले की पलंग बघतायत असं दिसतं.”

बायकोच्या तर्कापुढे ॲरिस्टॉटलही आडवा झाला असता. मी शेजारच्या खोलीतल्या पलंगावर झोपलो, छातीवर हात बांधून, एखाद्या मृत बिशपसारखा. आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या वर्गातल्या पाचसहा मुली आइस्क्रीम चाटत तिथे आल्या. मला बघून त्या शिस्तीत ओळीने उभ्या राहिल्या.

“गुड आफ्टरनून, सर.”

सवयीने माझ्या तोंडून गेलं, “बसा.”

त्या समोरच्या पलंगावर ओळीने बसल्या. पंचवीस वर्षांत माझी आज्ञा इतक्या तत्परतेने कोणी पाळली नव्हती.

गर्दी बघून गर्दी जमते. कोणाला वाटलं, ही जाहिरात आहे. “खरी म्हातारी ठेवलीय,” एक बाई नवऱ्याला म्हणाली. “घोरणं किती हुबेहूब जमवलंय.” माझा शाळेचा निळा शर्ट दुकानाच्या गणवेषाशी मिळताजुळता होता, त्यामुळे लोक मलाच विचारू लागले. लाकूड कुठलं, गादी धुता येते का, म्हातारी किती वेळ झोपलेली असते. प्रश्न विचारला की उत्तर देणं हा शिक्षकी रोग आहे. मी देत गेलो. लोक नानायकडे बघायचे, त्या झोपेची हाव त्यांच्या चेहऱ्यावर दिसायची आणि ते जोवेलिनच्या मागे धावायचे. दमलेल्या माणसांना दुकानदार कपाटं आणि दिवे विकतो, पण त्या दिवशी सगळ्यांना जे हवं होतं ते त्या पलंगावर घोरत पडलं होतं.

नानाय जाग्या झाल्या तेव्हा चेहऱ्यावरून कोणी इस्त्री फिरवल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी आळस दिला, गादीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “तोतो, हा घ्या.”

किंमत मी पाहिली होती. पण रोसेलचा चेहराही पाहिला. गिंबालचं सामान बांधणं थांबणार असेल तर केळ्यांच्या आकड्यासकट सगळं परत ठेवायला मी तयार होतो.

“हा पलंग द्या,” मी जोवेलिनला म्हणालो.

“संपले, सर.”

“संपले म्हणजे? हा समोर आहे.”

“हा मांडणीतला, सर. मांडणीतला विकत नाहीत. आतले होते ते आत्ताच संपले. लोलांना बघून सगळे गेले. मनिलाहून पुढचा माल येईल.”

“कधी?”

“येईल, सर,” ती इतकं गोड हसली की पुढे विचारणं असभ्यपणा ठरला असता.

नानाय म्हणाल्या, “मग येईपर्यंत मी इथेच बसते.” आणि पिशवीतून इबोस काढून सोलू लागल्या.

मग व्यवस्थापक आले. जेरिको नावाचे, मनिलाचे, तरुण, टाय लावलेले. इथे आमच्या भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. इलोइलोची बोली इतकी हेलकाव्याची की आमचा माणूस रागाने लालबुंद झाला तरी ऐकणाऱ्याला वाटतं अंगाई गातोय. मी त्या गृहस्थांना माझ्या परीने फाडून खाल्लं. ग्राहकाचे हक्क सांगितले, विकायची नसलेली वस्तू दाखवून लोकांना झुलवणं ही फसवणूक आहे असं बजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, “थँक यू, सर. तुम्हाला आमचं दुकान आवडलं हे ऐकून बरं वाटलं.”

अपमान करणं ज्याला जमत नाही त्याच्यावर यापेक्षा वाईट वेळ येत नाही.

त्यांनी दुसरे पलंग सुचवले. नानायनी ते ढकलत जवळ आणायला लावले आणि बसल्या जागेवरूनच हात लांब करून दाबून पाहिले. एक म्हणे होडीसारखा हलतो, दुसरा म्हणे पाणी जास्त झालेल्या भातासारखा बसतो. तेवढ्यात मनोंग फेर्मिन हजर झाले. वस्तीत बातमी पोचायला विजेच्या तारा लागत नाहीत. त्यांनी बूट काढून क्रमाने सगळ्या पलंगांवर लोळण घेतली.

“मी रॉटरडॅमपासून योकोहामापर्यंत झोपलोय,” ते व्यवस्थापकांना म्हणाले. “झोप गादीत नसते, लाकडात असते. लोलांना हेच लाकूड लागतं. दुसरं चालणार नाही. आणि मी कपितानांना फोन केलाय.”

कपिताना मिलाग्रोस म्हणजे आमच्या वस्तीच्या निवडून आलेल्या प्रमुख. शेजाऱ्याशेजाऱ्यांचं भांडण कोर्टाआधी त्यांच्यापुढे न्यावं लागतं, असा कायदा आहे. तो मीच मुलांना शिकवतो, त्यामुळे मला तोंड उघडायची सोय नव्हती. दुकान आमच्या हद्दीत, म्हणून दुकान आमचं शेजारी, असा कपितानांनी निवाडा दिला आणि शेजारच्या मांडणीतल्या जेवणाच्या मेजावर सुनावणी सुरू केली. एका बाजूला जेरिको, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये प्लास्टिकच्या फळांची परडी. बघ्यांना पाठीमागच्या सोफ्यांवर चांगली जागा मिळाली.

“मॅम, हे नियमात बसत नाही,” जेरिको म्हणाले.

“नानाय पलंगावर बसल्यात ना?” कपिताना म्हणाल्या. “नियमही बसेल हळूहळू. मला एक सांगा. आज सकाळपासून हे पलंग किती गेले?”

“सगळे.”

“आणि काल?”

जेरिको टायशी खेळू लागले. “काल… लोक बघून जात होते.”

“मग आमच्या म्हातारीने तुमच्याकडे फुकट नोकरी केली, असं मी समजायचं का?”

सोफ्यांवरून टाळ्या पडल्या. जेरिको घामाघूम झाले, त्या थंडीतही. मग त्यांनी मनिलाला फोन लावला. मनिलाने आणखी कोणाला तरी लावला. आम्ही वाट पाहिली. नानायनी जेरिकोंना इबोस दिला, तो त्यांनी उभ्या उभ्या खाल्ला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, असं त्यांनी हळूच सांगितलं, आणि नानायनी दुसराही दिला. त्यानंतर ते मनिलाशी जरा वेगळ्या आवाजात बोलू लागले. “नाही, सर. ऐका, सर. तुम्ही इथे असता तर तुम्हीही दिला असता.”

शेवटी मनिलाने मान्य केलं. पण अट घातली. मांडणीतली वस्तू सुटी विकता येत नाही, कारण संगणकात ती अख्खी खोली म्हणून नोंदलेली आहे. घ्यायची तर खोली घ्यायची. मेजं, दिवा, गालिचा आणि बर्फाच्या डोंगराची खिडकी.

“भिंती नकोत ना घ्यायला?” मी विचारलं.

“भिंती दुकानाच्या आहेत, सर,” जेरिको गंभीरपणे म्हणाले.

मी हप्त्यांवर सही केली. नानाय मात्र उतरायला तयार नव्हत्या. “मी उतरले की हे आतून दुसरा आणतील. मी काय बाजार ओळखत नाही?” मग दुकानातल्या सहा गड्यांनी पलंग नानायसकट चाकांच्या फळीवर चढवला आणि बाणांच्या उलट दिशेने, संसाराच्या सगळ्या खोल्यांतून, दारापर्यंत ढकलत आणला. मुली दोन्ही बाजूंना छातीवर हात ठेवून उभ्या. “थँक यू, मॅम-सर.” नानाय हात हलवत होत्या.

वस्तीची एक छोटी मालगाडी आहे, एरवी कचरा वाहते आणि निवडणुकीत मतदार. तिच्यावर पलंग बसला, पलंगावर नानाय बसल्या, मांडीवर दिवा, मागे मनोंग फेर्मिन बर्फाची खिडकी उभी धरून. पुढे कपितानांनी भोंगा वाजवायला सांगितला. आमच्याकडे उत्सवात संतांची मूर्ती अशीच निघते, त्यामुळे रस्त्यातले लोक सवयीने बाजूला झाले. दोन म्हाताऱ्यांनी तर क्रॉसची खूणही केली. पोरं मागे धावू लागली. कोणीतरी ढोल काढला. मी चालत होतो, हातात केळ्यांचा आकडा. पण सांगतो तुम्हाला, त्या मिरवणुकीत माझी मान आपोआप ताठ झाली. रोसेल माझ्या शेजारून चालत होती आणि कित्येक महिन्यांत मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

घरी पोचलो तर पलंग दारातून जाईना. आडवा जाईना, उभा जाईना, तिरका अडकून बसला. बघायला जमलेल्या प्रत्येकाकडे उपाय होता आणि प्रत्येक उपायाला दुसऱ्याचा विरोध. अखेर मनोंग फेर्मिननी मागच्या खोलीची खिडकी चौकटीसकट उखडून काढली आणि पलंग तिथून आत घातला. खिडकी पुन्हा बसेना. तेव्हा त्या भोकात त्यांनी बर्फाच्या डोंगराची खिडकी ठोकून दिली. पूर्वी तिथून आमचं पपईचं झाड दिसायचं. आता हिवाळा दिसतो.

आम्ही नानायना निजवलं. दार हलकेच लोटलं, दिवे घालवले, श्वास धरून झोपलो.

कोंबड्याच्या आधी अंगणात झाडू सुरू झाला.

मी बाहेर आलो तर नानाय अपराध्यासारख्या उभ्या होत्या. “पलंग चांगला आहे, तोतो,” त्या म्हणाल्या. “मीच वाईट आहे. तिथे लागली, इथे नाही लागत. रोसेलला सांगू नकोस.” रोसेल माझ्या मागेच उभी होती. ती आत गेली आणि चुलीवर कॉफीचं पाणी ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. पाणी उकळून आटलं तरी बघत राहिली.

चर्च सुटेपर्यंत बातमी वस्तीभर झाली होती आणि दुपारच्या जेवणानंतर सल्ले यायला सुरुवात झाली. पलंगाचं डोकं समुद्राकडे करा. चादर मिठाच्या पाण्यात धुवा. वैदूला बोलवा. दुकानातला थंड वारा आणा. सल्ला द्यायचा तर रोगी बघायला हवा, आणि रोगी बघायचा तर बर्फाची खिडकीही बघायला हवी, त्यामुळे सगळे मागच्या खोलीत घुसले. कोणी पलंगाच्या कडेला, कोणी गालिच्यावर, कोणी दाराच्या चौकटीत. रोसेलने कॉफी आणि तळलेली केळी फिरवली. मनोंग फेर्मिन लाकडाचाच दोष म्हणत होते, कालच्या अगदी उलट. कपिताना त्यांना कालचं वाक्य आठवून देत होत्या. मग गाडी लाकडावरून मासळीच्या भावावर गेली, तिथून कोणाच्या तरी सुनेवर, तिथून निवडणुकीवर, आणि दोघं असे जुंपले की खिडकीतला बर्फ वितळेल असं वाटलं.

“शू,” कपिताना मध्येच थांबल्या. “बघा.”

नानाय झोपल्या होत्या. पाचसात माणसांच्या मधोमध, कोणाची तरी कोपरं पायाला लागत असताना, गालाखाली हात घेऊन.

सगळे एकदम गप्प झाले. खोलीत इतकी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आणि नानायनी डोळे उघडले.

“का थांबलात?” त्या अर्धवट झोपेतच म्हणाल्या. “बोला ना. गिंबालला माझी पडवी मासळीबाजाराला लागूनच होती. रात्रभर बायका भांडायच्या, बर्फ फुटायचा, कोणी ना कोणी तरी असायचंच. तुमच्या या खोलीत मी आडवी झाले की वाटतं, सगळे मला एकटीला टाकून कुठे निघून गेले.”

रोसेल ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे माझ्या हातात दिला, गर्दीतून वाट काढत पलंगावर गेली आणि आईच्या शेजारी आडवी झाली. इतके महिने चवड्यांवर चाललेल्या बाईचे पाय दुखले असतील. नानायनी तिच्या अंगावर हात टाकला, गिंबालला लहानपणी टाकत असतील तसा.

“तोतो,” मनोंग फेर्मिन माझ्या कानाशी म्हणाले, “काहीतरी बोल. कोणीतरी बोलायलाच हवं.”

मी बोलू लागलो. काय बोललो ते आठवत नाही. बहुधा मासळीच्या भावाबद्दल, ज्यातलं मला काही कळत नाही. कपितानांनी लगेच मला खोडून काढलं, फेर्मिन माझ्या बाजूने उठले, शेजारणीने तिसरंच काही काढलं आणि खोली पुन्हा दणाणून गेली. थोड्या वेळाने मी पलंगाकडे पाहिलं. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी इतक्या मोठ्याने बोलत असताना रोसेलने मला ‘हळू’ म्हटलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. तीही आईच्या दंडावर डोकं ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. मी आवाज आणखी थोडा चढवला.